भेटीची जीन

देसा वाळाने पुढे केलेल्या तळहातावर राणिंग खुमाणने ओठ टेकवले नाहीत. काठेवाडातल्या गावोगावचे काठी दरबार, म्हणजे काठी जातीचे जहागीरदार, बघत असताना, भर बैठकीत, त्याने तोंड फिरवलं. तळहातावर धरलेलं अफूचं ते कडू पाणी, कसुंबा, दुसऱ्याच्या हातून प्यायलं की जुनं वैर मिटलं, असा रिवाज. राणिंगला वैर मिटवायचं नव्हतं. त्याला ते दूधतूप घालून पोसायचं होतं.

कारणही तसंच होतं. त्याच्या एकुलत्या एका मुलाच्या, उनडच्या लग्नात देसाने जीन भेट दिली होती. लाल मखमल, त्यावर चांदीची फुलं. ती घरच्या घोडीवर, लाखेणीवर कसून उनड दिवाळीच्या पाडव्याच्या शर्यतीत उतरला. जिने आजवर कुणाला साधी लाथ मारली नव्हती ती लाखेणी अर्ध्या वाटेवर पिसाळल्यासारखी उसळली. उनड पडला आणि त्याचा पाय तिच्याखाली आला. हाड जुळलं, पण वाकडं. घोडीच्या खांद्याशी जखम झाली ती कित्येक महिने वाहत राहिली, आणि भरली तेव्हा तिथे पांढरे केस उगवले.

शर्यत अर्थातच देसाच्या घोडीने मारली. वर हा बाबा शर्यतीनंतरच्या त्याच बैठकीत म्हणतो, "जिनीला कशाला दोष? राणिंगबापूंच्या घोडीची पाठच उंटाची. तिला उंटाचं पलाण आणा! नाहीतर मला विका, शिंगरांपुरती ठेवून घेतो."

लोक पोट धरून हसले. राणिंगने तेव्हाच मनात गाठ मारली: याच घोडीने, याच माणसाला, याच लोकांसमोर हरवायचं. त्याआधी डोळे मिटायचे नाहीत.

पण घोडीवर बसायला जीन लागते, आणि घोडं तिथेच पेंड खात होतं. देसा अगदीच खोटं बोलला नव्हता. लाखेणीच्या खांद्यांमधलं हाड छपराच्या आढ्यासारखं उंच, आणि त्याच्यामागे पाठ एकदम खोल. राणिंगने बोटादपासून गोंडलपर्यंतचे जीनगर पालथे घातले. दर वेळी तीच परीक्षा. घोडीच्या पाठीला चुलीतली राख फासायची, वर जीन ठेवायची, उनडला बसवून अंगणात फिरवायचं आणि जीन उतरवून बघायचं. जिथे राख साफ पुसली गेली तिथे जीन रुतते, जिथे जशीच्या तशी राहिली तिथे ती टेकतच नाही. प्रत्येक जिनीखाली खांद्याचं हाड लख्ख उघडं पडायचं आणि पाठीच्या खळग्यात राख तशीच. खाली लोकर भरली तर जीन डुगडुगायची, काढली तर हाडावर बसायची. नुसती खोगीरभरती!

"अहो दरबार, आता घोडीलाच विचारा तिला काय हवंय," मोंघीबाई, राणिंगची बायको, ओसरीवरून म्हणाली. "सहा महिने झाले, चुलीत राख उरत नाही भांडी घासायला."

"तुला भांड्यांचं पडलंय?"

"मला माझ्या लेकाचं पडलंय. पण राखेतून काय निघणार?"

दिवाळी तोंडावर आली. देसाने शर्यतीचा विडा पाठवला आणि सोबत निरोप, की पलाण मिळालं का? राणिंगचं डोकं असं फिरलं की तो तडक कोठीत गेला, खुंटीवरची ती लाल मखमली जीन खाली ओढली आणि अंगणात नेऊन आपटली. वर्षभर तिला कुणी हात लावला नव्हता. भेटीची जीन उसवून बघणं म्हणजे देणाऱ्याच्या आईबापावर संशय घेणं. काठ्याच्या पोराला हे दूध पिताना शिकवतात.

"बापू, भेटीची आहे ती!" उनड काठी टेकत बाहेर आला.

"म्हणूनच तोडतो," राणिंग म्हणाला, आणि त्याने कुऱ्हाड घातली.

दोन घाव मधोमध बसले. पुढची कमान फुटली, मागचीही फुटली. जीन दोन फाकांमध्ये उघडी पडली, अस्तर टरकलं आणि डाव्या फाकेतून एक लाकडी तुकडा घरंगळत राणिंगच्या पायाशी आला. बाभळीची पाचर. एका बाजूने मुद्दाम टोकदार तासलेली, आणि टोकाला काळपट रक्तात चिकटलेले घोडीचे केस.

उनड आपल्या वाकड्या पायाकडे बघत राहिला. राणिंगने पाचर उचलली, खांद्याजवळच्या त्या पांढऱ्या केसांवर ठेवून पाहिली आणि घरात शिरला. बाहेर आला तेव्हा हातात तलवार होती.

मोंघीबाई दारात आडवी उभी राहिली. "कुठे निघालात?"

"बाजूला हो."

"मारा हो, मारा! मेला की सुटला. लोक म्हणतील बिचारा देसा, आणि तुम्ही तुरुंगात, आणि माझं पोर लंगडंच." तिचा आवाज चढला. "मेलेल्याला लाज वाटत नसते, दरबार. मला तो लाजलेला बघायचाय."

राणिंगने तलवार उंबऱ्यावर ठेवली. एवढ्या वर्षांच्या संसारात बायकोचं म्हणणं त्याला इतकं गोड कधीच लागलं नव्हतं.

उनड मात्र घोडीपाशी होता. फुटलेल्या दोन्ही फाका त्याने चामड्याच्या वादीने सैलसर बांधल्या आणि राख फासलेल्या पाठीवर ठेवल्या होत्या. "बापू, इकडे या," तो हलक्या आवाजात म्हणाला. खांद्याचं ते उंच हाड दोन फाकांमधल्या फटीतून आरामात वर आलं होतं. फाका दोन्ही अंगांना अशा पडल्या होत्या, जणू मापच घेतलं होतं. त्याने वर बसून अंगणात फेरी मारली आणि जीन उतरवली. राख दोन्हीकडे सारखी पुसलेली. हाडावरची मात्र जागच्या जागी.

बाप लेकाच्या गळ्यात पडून रडला. मग दोघांनी मिळून अस्तर नव्याने शिवलं, आणि पाचर राणिंगने कमरेच्या शेल्यात बांधून ठेवली.

पाडव्याला लाखेणी मैदानात आली ती जिनीवर भरतकामाची मोठी झूल घालून. देसा हसत पुढे आला. "लंगडा स्वार, उंटाची पाठ, जोडा तर छान जमलाय! झुलीखाली काय लपवलंय, राणिंगबापू?"

"तुम्हीच बघाल की. उतरवायची वेळ आली की," राणिंग म्हणाला.

तिथला रिवाजच तसा. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याच्या घोड्याची जीन स्वतःच्या हाताने उतरवायची, मग जिंकणाऱ्याच्या तळहातावरचा कसुंबा प्यायचा. मनात काही ठेवायचं नाही.

जमिनीवर लंगडणारा घोड्यावर लंगडत नाही. तळ्याच्या वळणापर्यंत देसाची घोडी पुढे होती. तिथे उनडने लगाम सैल सोडला आणि लाखेणी अशी काही सुटली की ओरडणारे लोक ओरडायचे थांबले. देसा तिची धूळ खात मागून आला.

तोंड कडू करून त्याने तंग, जिनीचा पोटाखालचा पट्टा, सोडला आणि झूल ओढली. खाली लाल मखमल. चांदीची फुलं. आपलीच जीन. त्याचा चेहरा उतरला, आणि कुणी काही म्हणायच्या आत त्याचा हात आपसूक डाव्या बाजूच्या अस्तराखाली गेला आणि तिथे चाचपू लागला. सगळं मैदान बघत होतं.

"काय हरवलंय, देसाबापू?" राणिंगने मोठ्याने विचारलं.

देसाने हात असा काढला, जणू विंचू चावला. "काही नाही. घाम... घाम बघत होतो."

"घाम उजव्या बाजूलाही आलाय की!"

आता कुणी हसलं नाही. म्हाताऱ्या दरबारांनी एकमेकांकडे पाहिलं. लाखेणीच्या पाठीवर घाम दोन्हीकडे सारखा होता, आणि डाव्या खांद्याशी, देसाचा हात गेला होता नेमका तिथेच, पांढऱ्या केसांचा पुंजका.

बैठक बसली. कसुंबा घोटून झाला. देसाला यावंच लागलं. न येणं म्हणजे सगळं कबूल करणं. तो राणिंगसमोर गुडघे टेकून बसला आणि कसुंबा मिळेल म्हणून रिवाजाप्रमाणे त्याने पुढे केलेल्या मिटल्या उजव्या मुठीवर तोंड वाकवलं. राणिंगने मूठ उघडली.

तळहातावर पाचर होती. तिच्या टोकाला अजून केस चिकटलेले होते.

"प्या, देसाबापू," राणिंग म्हणाला. "तुमच्याच घरचं आहे."