गोविंदरावांचा गाळा

रवी गुरुवारी संचित रजेवर घरी येणार होता. नाशिकरोडच्या तुरुंगात सहा वर्षं काढल्यावर पहिल्यांदाच, एकवीस दिवसांसाठी. त्याच्या आईचं, कुसुमताईंचं, मन सोमवारपासून कशातच लागत नव्हतं. चहा उकळून उतू जायचा आणि त्या तिथेच उभ्या असायच्या.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतला गाळा आपल्या नावावर करून द्या म्हणून रवीने बापामागे धोशा लावला होता. गोविंदराव ऐकेनात, तेव्हा त्याच गाळ्यात त्याने लोखंडी पाना त्यांच्या डोक्यात घातला. खून करणाऱ्याला मयताच्या मालमत्तेत वाटा नाही, असा कायदाच आहे. गाळा कुसुमताई आणि त्यांची मुलगी तेजश्री यांच्याकडे आला. तेजश्रीने आपला हक्क आईला सोडून दिला. नकार परस्पर कायद्याने दिला, आपल्याला द्यावा लागला नाही, याचं कुसुमताईंना तेव्हा बरं वाटलं होतं.

पण गेल्या महिन्यात तुरुंगातून फोन आला. "आई, गाळा आता तुझा आहे. मी आलो की माझ्या नावे बक्षीसपत्र करून टाकू. तुला कोणी अडवू शकत नाही."

सोमवारी त्या वकीलबाईंकडे गेल्या.

"खरं बोलतोय तो," वकीलबाई म्हणाल्या. "तुमची वस्तू तुम्ही कोणालाही देऊ शकता."

"आणि मी काहीच केलं नाही तर?"

"मग तुमच्या माघारी निम्मा त्याचाच. तुमचा वारस आहे ना तो."

रिक्षात कुसुमताईंनी दोनदा पत्ता चुकीचा सांगितला. घरी येऊन त्यांनी तेजश्रीला फोन लावला. "बुधवारी नोंदणी कार्यालयात ये. गाळा तुझ्या नावावर करते."

"आई, दादाला वाटेल मीच तुला भरीस घातलं."

"वाटू दे. मी सांगेन त्याला."

गुरुवारी रवी आला. केस पांढरे झालेले, गालफडं बसलेली. कुसुमताईंनी पाणी दिलं आणि तो पिऊन व्हायच्या आत बोलून टाकलं, "गाळा काल तेजूला दिला."

त्याने भांडं खाली ठेवलं. "मी येईपर्यंत थांबायचं तरी होतंस."

"तू आल्यावर मला जमलं नसतं."

"मग माझ्या रजेला जामीन राहून बाहेर काढलंस कशाला?"

"पोरगा आहेस माझा."

तो पिशवी उचलून दारापर्यंत गेला आणि थबकला. रजेच्या कागदावर पत्ता याच घराचा होता, पोलीस चौकीत हजेरीही इथलीच. तो परत आला, आतल्या खोलीत गेला आणि येरझाऱ्या घालू लागला.

कुसुमताईंनी कणीक मळायला घेतली. त्याची पावलं भिंतीपर्यंत जात, वळत, परत येत. मध्येच ती थांबली की त्यांचेही हात थांबत.