एका नकाराचं रसग्रहण

माझे मिस्टर उदयसिंह सांगलीच्या एका कॉलेजात मराठी शिकवतात आणि बावीस वर्षं एकाच कवितेवर जगतात. असं मी म्हणते. ते म्हणतात, कविताच त्यांना जगवते. शंभरेक वर्षांपूर्वीची कविता आहे. एक माणूस माळावरून पायी चाललाय. मागून बैलगाडी येते. गाडीवाले हाक मारतात, जागा आहे, ये. तो नको म्हणतो. गाडी पुढे निघून जाते, धुरळा खाली बसतो, माणूस एकटा चालत राहतो. बस, एवढंच. त्या नकारावर आमचे प्राध्यापक अख्खा तास घेतात. हा नकार म्हणजे माणसाचं स्वातंत्र्य, एकांत त्यानं स्वतः निवडलाय, कुणी लादलेला नाही, असं ते दरवर्षी सांगतात. मुलं ते पाठ करून पेपरात उतरवतात आणि मार्क घेतात.

मी ती कविता कधी नीट वाचली नव्हती. पोळ्या लाटता लाटता ऐकूनच पाठ झाली.

सासूबाई, येसूबाई, माण तालुक्यात म्हसवडच्या अलीकडे वस्तीवर राहायच्या, सासरे गेल्यापासून एकट्याच. दोन खोल्या, चार शेरडं आणि शेजारी धोंडुबाई. मी लग्न होऊन तिथं गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला एक गोष्ट शिकवली. पाव्हणा जेवत होता. मी भाकरी घेऊन गेले, तो नको म्हणाला, मी परत फिरले. चुलीपाशी त्यांनी माझा हात धरला.

"आगं, एकदा इचारून माघारी येत्यात व्हय? भुकेला मानूसबी पयल्यांदा नगंच म्हणतो. तीनदा इचारायचं, चवथ्यांदा न इचारता वाढायचं."

मग स्वतः जाऊन ताटात भाकरी ठेवून आल्या. पाव्हण्यानं ती खाल्ली, वर आणखी अर्धी मागून घेतली. त्या मुलखात हे असंच. चहालासुद्धा पहिल्या फटक्यात कुणी हो म्हणत नाही; म्हटलं तर हावरट ठरतो.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर सासूबाई नळावर घसरून पडल्या. हाड मोडलं नाही, पण कंबर धरली ती धरलीच. धोंडुबाईंनी फोन केला, "तिचं आता एकटीनं निभत न्हाई. घिऊन जावा." तो आठवडा आम्ही अडचणी मोजत होतो. फ्लॅट लहान, त्यात लेकीची, शिवांजलीची, बारावी. पण खरं सांगायचं तर या सगळ्या सबबी. मला त्या नको होत्या. त्यांचा खोकला, त्यांची मिसरी, दिवसभर माझ्या हाताकडे बघत बसणं, काहीच नको होतं. हे मी तोंडानं बोलले नाही, पण मिस्टरांना कळलं असणार.

रविवारी आम्ही गाडी घेऊन वस्तीवर गेलो. सासूबाई ओट्यावर बसून होत्या. केसांना तेल लावून चापून बसवलेले, अंगावर ठेवणीतलं निळं लुगडं. चहा झाला. मिस्टर म्हणाले, "आई, सांगलीला चल आमच्याबरोबर."

"नगं रं बाबा," त्या म्हणाल्या. "माजं हितं बरं हाय. शेरडांकडं कोन बघंल?"

मिस्टरांचा वर्गातला आवाज लागला. "ठीक आहे. तुझी इच्छा. मी जबरदस्ती करणार नाही. कसं राहायचं ते तू ठरवायचंस."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आता विचारायची पाळी माझी होती. भाकरीची गोष्ट मी विसरले नव्हते. मी कपबशा गोळा केल्या आणि धुवायला मागच्या दारी गेले.

तिथं शेरडांची जागा होती. खुंट होते, दावी गुंडाळून भिंतीला अडकवलेली, खालची जमीन स्वच्छ झाडलेली. एकही शेळी नव्हती. पलीकडे धोंडुबाईंच्या अंगणात बांधलेल्या शेरडांत मला पांढऱ्या कपाळाची दिसली. ती सासूबाईंची लाडकी, मी बघताक्षणी ओळखली.

मी कपबशा धुतल्या, पुसल्या, फळीवर मांडल्या. बाहेर येऊन म्हटलं, "निघू या का? अंधार पडायच्या आत पोचलेलं बरं."

काठी टेकत सासूबाई गाडीपर्यंत आल्या. मिस्टर पाया पडले, मी पडले. गाडी वळली तेव्हा मी मागे पाहिलं नाही. विट्यापर्यंत मिस्टर बोलतच होते. आई किती स्वाभिमानी, तिला कुणावर भार व्हायचं नाही, ती जणू ती कविताच जगतेय. मी हं हं करत राहिले. मला सुटल्यासारखं वाटत होतं.

जानेवारीत सासूबाई गेल्या. धोंडुबाई तेव्हा लेकीकडे दहिवडीला होत्या. आम्ही सासूबाईंना दोन दिवस फोन लावला, त्यांनी उचलला नाही. मिस्टर म्हणाले, चार्ज केला नसेल, आणि तिला आपलं एकटं राहायला आवडतं. तिसऱ्या दिवशी धोंडुबाईंनी परत आल्यावर दार ढकललं. सासूबाई चूल आणि माठ यांच्या मधे पडल्या होत्या, माठाकडे हात करून. लगेच गेल्या नसाव्यात, असं डॉक्टर म्हणाले.

तेराव्याला कॉलेजची मंडळी दोन गाड्या करून वस्तीवर आली. जेवणं उरकल्यावर मिस्टर मांडवात उभे राहिले आणि अख्खी कविता म्हणाले. मग म्हणाले, "माझ्या आईनं एकांत निवडला. मी न्यायला आलो होतो. ती नको म्हणाली. मी तिच्या नकाराचा मान राखला." प्राध्यापकांनी माना डोलावल्या. एका बाईंनी डोळे पुसले.

धोंडुबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी कविता शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकली. मग हळू आवाजात मला विचारलं, "त्या गाडीवाल्यांनी कितींदा बोलावलं म्हनं त्या मानसाला?"

"एकदाच," मी म्हणाले.

"मग त्यो काय करनार गं? चालत ऱ्हायला बिचारा." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "शेरडं तिनं मला तुमी यायच्या आदल्या दिशीच दिली हुती. कापडांचं बोचकंबी बांधून दाराआड ठिवलं हुतं. तुमी गेल्याव दोन दिस सोडलं न्हाई तिनं त्ये. मी म्हनलं, सोड आता. तर म्हनली, उदय यील माघारी. त्याला आजून दोनदा इचारायचं हाय."

समोर मिस्टर खाली बसले होते. कुणीतरी त्यांच्यापुढे चहा धरला. ते नको म्हणाले. पुन्हा धरला, पुन्हा नको म्हणाले. तिसऱ्यांदा, घ्या हो सर, घोटभर तरी, असं म्हटल्यावर त्यांनी कप घेतला आणि पूर्ण संपवला.

धोंडुबाई काय म्हणाल्या ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगायला बसले, तर मागच्या दारी मला काय दिसलं होतं, तेही सांगावं लागेल.