धवलारणीचं बटण

वडप्याच्या सीताबाई म्हणजे धवलारीण, लग्नघरी धवले गाणारी. पण हल्ली हळदीला डीजे लागतो, त्यांना कोण विचारतो? या लगीनसराईत बोलावणं आलं नाही तर गाणं कायमचं बंद, असं त्यांनी भाचीला सांगून टाकलं. भाची रुचिका भिवंडीत वेबसाइट बनवते. तिने आत्यासाठी एक पान करायला घेतलं.

पानावर दोनच गोष्टी होत्या, ‘धवले ऐका’ आणि ‘बोलावणं पाठवा’. रुचिकाचं म्हणणं सरळ होतं. ऐकणारा नुसता दुसऱ्या पानावर जातो, त्याला खाली रेघ मारलेली लिंक पुरे. बोलावण्याने मात्र खरंच काहीतरी घडतं, तर बटण त्यालाच. आत्या ऐकेल तर शपथ! मांडवात पाहुण्यापाहुण्यांत भेद करतात का, म्हणत तिने दोन्हीकडे सारखीच पिवळीधमक बटणं लावायला लावली. रुचिकाने हात टेकले.

व्हायचं तेच झालं. पडघ्याहून एका घराचा नंबर आणि पत्ता आला. बोलावणं आल्यावर थांबायचं नाही ही सीताबाईंची रीत, त्या रिक्षात बसल्यासुद्धा. रुचिकाने त्या नंबरवर फोन लावला तर नवरीचा बाप चक्रावला. आज हळद आहे खरी, पण डीजे ठरलाय, आम्ही कुणाला बोलावलं नाही.

रुचिका स्कूटर पिटाळत पोचली. मांडवाच्या तोंडाशी सीताबाई पदर सावरत परत निघाल्या होत्या. रुचिकाला रडूच आलं.

तेवढ्यात नवरीची आजी, बायजाबाई, पुढे झाली. “मीच दाबलं. ऐकाला दाबलेलं, नंबर-पत्ता मागितला तो बी भरला. आता दारात आलीच हाय, तर ऐकल्याबिगर सोडनार न्हाय.”

डीजे थांबला. सीताबाईंचा पहिला सूर थोडा कापला, दुसऱ्याला म्हाताऱ्या बायकांनी साथ दिली, मग पोरीही सरसावल्या. हळद माखलेली नवरी हसता हसता रडत होती. रुचिकाचा आनंद पोटात मावेना.

सकाळी आत्याने फर्मान सोडलं. “ऐकायचं ते रेघवालं कर बाय. खरं कोन बोलावतो ते मला कळू दे.” रुचिकाने ताबडतोब लिंक केली.

दुपारी कशेळीहून बोलावणं आलं. रुचिकाने आधी फोन करून विचारलं, नुसतं ऐकायचं होतं का?

पलीकडची मुलगी वैतागली. “काल पडघ्याला ऐकलं, म्हणून तर दाबलं.”

रुचिकाने मान वर केली. आत्या लुगडं नेसून दारात उभी होती.