मोनिकाच्या नावाची पिशवी

मित्रांनो, मी एक जुना फ्रिज आहे. माझ्या पोटात दूध, भाजी किंवा पाण्याच्या बाटल्या कधी ठेवल्या गेल्या नाहीत. श्रीरामपूरच्या एका रक्तपेढीत मी माणसांचे रक्त सांभाळले.

माझा जन्म पुण्याजवळच्या एका कारखान्यात झाला. दोन ते सहा अंश, एवढीच थंडी मला राखायची होती. जास्त गारठ्याने रक्त गोठून त्यातल्या पेशी फुटतात आणि उबेने ते नासते. मी इथे आलो त्या दिवशी मला हळदकुंकू वाहिले, नारळ फुटला. पाहुण्यांनी दार उघडून माझे रिकामे कप्पे पाहिले आणि फार कौतुक केले.

मोनिका पहिल्यांदा आली ती आईच्या कडेवर. तिचे ओठ पांढरेफटक होते. राहात्याजवळ त्यांची पेरूची बाग होती. डॉक्टरांनी तिच्या आईवडिलांना समजावून सांगितले, की पोरीला थॅलेसेमिया आहे. तिच्या अंगात तांबड्या पेशी धड तयार होत नाहीत, म्हणून दर तीन आठवड्यांनी दुसऱ्याचे रक्त चढवावे लागेल, आणि तेही जन्मभर. वडील सुनील आणि आई रेश्मा दोघेही धडधाकट होते. पण दोघांच्याही रक्तात या आजाराचा अर्धा अर्धा वाटा लपलेला होता. मुलीत ते दोन्ही वाटे एकत्र आले. सुनीलने सख्ख्या मामाचीच मुलगी केली होती. त्यांच्या घराण्यात तशीच रीत होती.

रेश्माने लगेच हात पुढे केला आणि माझेच रक्त घ्या म्हणाली. आमच्या तंत्रज्ञ कानिफनाथने तिचे बोट टोचून पाहिले. तो अर्धा वाटा तिचेही हिमोग्लोबिन कमी ठेवत होता. तिचे रक्त घेता आले नाही. त्या दिवसापासून ती दुसऱ्यांकडे रक्त मागत फिरू लागली.

मोनिका मोठी होत गेली. रक्त चढले की तिच्या गालांवर रंग यायचा, ती बोलायला लागायची. पण प्रत्येक पिशवीबरोबर थोडे लोह तिच्या अंगात जाऊन साठत होते, काळजातही. ते बाहेर काढायच्या गोळ्या रोज घ्याव्या लागत. त्यांनी तिला मळमळायचे, मग ती त्या चुकवायची.

उन्हाळा मला नकोसा वाटे. कॉलेजे बंद, रक्तदान शिबिरे बंद, माझे कप्पे रिकामे. अशाच एका वैशाखात मोनिका खिडकीशी आली. तेव्हा ती अकरावीत होती.

"दादा, हाय का आज?"

"आज न्हाई गं. उद्या बघू," कानिफनाथ म्हणाला.

उद्याही नव्हते. ती नुसती मान हलवून परत गेली. अखेर एका गावात शिबिर झाले, जुळणारे रक्त मिळाले आणि तिच्या नावाची चिठ्ठी लावून पिशवी माझ्यात ठेवली गेली. ती पिशवी न्यायला कोणी आले नाही. लोहाने थकलेले तिचे काळीज रक्त मिळण्याआधीच बंद पडले होते; मोनिका गेली होती. दुपारी कानिफनाथने ती चिठ्ठी काढली, नवी लावली आणि पिशवी एका बाळंतिणीसाठी दिली.

पुढे मोनिकाच्या भावाचे, ज्ञानेश्वरचे, लग्न ठरले. मुलगी घरचीच, रेश्माच्या भावाची लेक कावेरी. दोघांची लहानपणापासून एकमेकांवर माया होती. पत्रिका वाटून झाल्या आणि रेश्मा दोघांना रक्ततपासणीला घेऊन आली. मागोमाग सुनीलची आई चांगुणाबाईही आली. लग्नाच्या भरल्या घरात तपासणीचा अपशकुन नको, असे ती पुन्हा पुन्हा सांगत होती. तपासणीत दोघांच्याही रक्तात तो अर्धा वाटा निघाला. डॉक्टर म्हणाले, की लग्न केले तरी बाळाला हा आजार आहे का, ते पोटात असतानाच तपासता येते. रेश्माने खाली मान घालून ऐकून घेतले.

"एका लेकीसाठी मी दारोदार रक्त मागितलं," ती म्हणाली. "आता नातवासाठी मागायची ताकद न्हाई माझ्यात. हे लगीन व्हनार न्हाई."

"आत्या, मंग माझं काय?" कावेरीने विचारले.

ज्ञानेश्वर भिंतीकडे तोंड करून उभा होता.

लग्न मोडले. भावाने रेश्माला माहेर बंद केले. भाऊबीजेलाही तिला कोणी बोलावले नाही. वर्षभराने कावेरी पुन्हा आली, लग्न ठरलेल्या दुसऱ्या मुलाला घेऊन. त्याला बाकावर बसवून तिने आधी त्याचे रक्त तपासून घेतले. ते निर्दोष निघाले. त्या दिवशी रेश्मा कुणा दुसऱ्या लेकरासाठी रक्तदाते घेऊन आली होती. कावेरी तिच्याशी न बोलता शेजारून निघून गेली.

आता माझे यंत्र थकले आहे. माझ्या जागी नवा फ्रिज आला आणि मी जिन्याखाली उभा आहे. माझ्यावर झाडू आणि बादल्या ठेवतात. त्याचे मला दुःख नाही.

मित्रांनो, पत्रिका जुळवण्याआधी रक्त तपासा. आणि उन्हाळ्यात, कोणी बोलावले नाही तरी, रक्त द्यायला या. कावेरीला दोन मुले आहेत, असे परवा कानिफनाथ कोणाला तरी सांगत होता. मी त्यांना पाहिलेले नाही. त्यांना इथे कधी यावेच लागले नाही.