तिसरी गोळी अडकते

डेल्बर्ट स्कॅग्ज भांडत होता तोवर मला त्याची कधी भीती वाटली नाही. भीती वाटायला लागली ती तो गप्प बसल्यावर.

आमच्या घळीत वर यायला एकच खडीचा रस्ता आहे. तो डेल्बर्टच्या जमिनीतून जातो आणि माझ्या दारात संपतो. या रस्त्यावर आमचाही हक्क आहे असं माझ्या वडिलांपासून आम्ही म्हणतो, आणि नाही असं स्कॅग्ज लोक म्हणतात. मनात आलं की डेल्बर्ट ट्रक आडवा लावायचा. मी हॉर्न वाजवून वाजवून दमले की दाढी वाढलेलं तोंड घेऊन बाहेर यायचा आणि म्हणायचा, "ओपल, घाई आहे का?" मीही काही कमी नव्हते. दोन वकील पोसले, आणि दर पानगळीत माझ्या अंगणातला सगळा पाचोळा त्याच्या हद्दीत लोटला.

ख्रिसमसच्या आधी त्याचा मुलगा डॉनी गेला. बर्फावरून गाडी घसरली. आमच्याकडे वैऱ्याच्या घरचं माणूस गेलं तरी जेवण पाठवतात. मीही कोंबडी आणि रश्शात उकडलेले कणकेचे गोळे पाठवले, भांड्याच्या बुडाला माझ्या नावाची पट्टी चिकटवून. भांडं परत आलं नाही. तेही मी मनात ठेवलं.

त्यानंतर ट्रक एकदाही आडवा लागला नाही. मार्चमध्ये मी मुद्दाम माझी कचऱ्याची पिंपं त्याच्या कुंपणाला टेकवून ठेवली, तर तो व्हरांड्यात बसून नुसता बघत राहिला. रोज त्याच खुर्चीत, तोंड माझ्या घराकडे. मी म्हटलं, याच्या डोक्यात काहीतरी शिजतंय. कोर्टाची तारीख जवळ येत होती. माझा नवरा जाऊन बरीच वर्षं झालीत, आणि शेरीफचा माणूस वर पोहोचेपर्यंत काय व्हायचं ते होऊन जातं. मी पिस्तूल घ्यायचं ठरवलं.

माझा भाचा लाइल टायरच्या दुकानात काम करतो आणि पिस्तुलांतलं फक्त आपल्यालाच कळतं असं त्याला वाटतं.

"स्वस्तातलं घेऊ नकोस, आत्या," तो म्हणाला. "ते पिस्तूल म्हणजे नुसती वीट. जड, बोजड, आणि नेमकं वेळेला अडकतं. त्यापेक्षा सरळ फेकून मार."

"मग तू दे चांगलं घेऊन."

 पुढच्याच आठवड्यात त्याचा फोन आला. एकाकडे जुनं होतं, अगदी कमी किमतीत. शनिवारी सकाळी पशुखाद्याच्या दुकानामागे यायचं. विकणारं कोण म्हणून विचारलं तर म्हणाला, "आलीस की बघ. आणि तिथे तमाशा करू नकोस."

शनिवारी दुकानामागे एक गाडी उभी होती. तिच्यातून डेल्बर्टची बायको रूथॲन उतरली. तिच्या हातात माझं भांडं होतं, वर टॉवेल झाकलेला.

"तुझं भांडं," ती म्हणाली.

"धुवायला चार महिने लागले?"

"आत बघ."

टॉवेलखाली पिस्तूल होतं. काळं, ओबडधोबड, मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेली. मी लाइलकडे वळले. "हिच्याकडून घ्यायचं? ज्याच्या भीतीने मी हे घेतेय त्याच्याच घरातलं?"

"त्याच्या भीतीने?" रूथॲन हसली, आणि ते हसणं चांगलं नव्हतं. "ओपल, त्याला तुझी आठवणसुद्धा नाही. डॉनी गेल्यापासून त्याने एकदाही तुझं नाव काढलेलं नाही."

हे मला फार लागलं. का लागावं ते कळलं नाही, पण लागलं.

लाइलने पिस्तूल उचललं. मॅगझीन काढलं, वरचा भाग मागे ओढून अडकवला, आत गोळी नाही ना ते बोट घालून पाहिलं, नळीतून उजेड बघितला. मग जीभ गालात फिरवत म्हणाला, "काकू, खरं सांगा. अडकतं का?"

"तिसरी गोळी अडकते," रूथॲन म्हणाली. "नेहमी. डॉनी शिव्या घालायचा त्याला."

"घ्या. काय म्हणालो होतो मी? घरात कोणी शिरलं तर दोन गोळ्यांनंतर तुझ्या हातात वीट. चल आत्या, हे भंगार नको."

"पहिली कधी अडकत नाही," रूथॲन म्हणाली.

ती लाइलशी बोलत नव्हती. माझ्याकडे बघत होती, आणि तो टॉवेल घडी करत होती, उलगडत होती, पुन्हा घडी करत होती.

"पहिलीने काय होतंय?" लाइल म्हणाला. "घाबरलेल्या माणसाची पहिली हुकतेच."

"लाइल, गाडीत जाऊन बस."

तो तोंड वाकडं करून गेला. मला व्हरांड्यातला डेल्बर्ट दिसायला लागला. तोंड माझ्या घराकडे, पण तो माझ्या घराकडे बघतच नव्हता. आणि मी मूर्ख बाई त्याला कारस्थान समजून बसले होते.

"नदीत टाक ते," मी म्हटलं.

"डॉनीने पहिल्या पगारातून घेतलेलं आहे. नदीत टाकलं तर तो दुसरं आणेल. हे कुठे आहे ते माहीत असलं तर ह्याच्याच मागे लागेल."

"तुझ्या भावाकडे दे."

"शिकारीच्या बंदुका त्याच्याकडेच दिल्यात. पण हे डॉनीचं आहे. डेल्बर्ट जाऊन रडला की भाऊ काढून देईल. या घळीत कोणीही देईल, सगळ्यांना त्याची कीव येते." तिने टॉवेल भांड्यात टाकला. "तुला येत नाही. तू मरशील, पण त्याला हवं ते देणार नाहीस. म्हणून तुझ्याकडे आले. तू मला आवडतेस म्हणून नाही."

आयुष्यात माझं इतकं कौतुक कोणी केलं नव्हतं, आणि इतका अपमानही. मला तिचा संताप आला. यांच्या घरचं दुखणं माझ्या गळ्यात का? मला घरात न अडकता चालणारं पिस्तूल हवं होतं. हे घेतलं असतं तर दुसऱ्यासाठी माझ्याकडे पैसे उरले नसते. आणि नाही घेतलं तर ती भांड्यात घालून ते पुन्हा त्याच घरात नेणार होती.

"अडकणाऱ्या वस्तूचे एवढे पैसे मी देणार नाही," मी म्हटलं. "निम्मे देईन."

"चालेल," ती लगेच म्हणाली. थोडी घासाघीस केली असती तर मला बरं वाटलं असतं.

रविवारी चर्चहून येऊन मी बूट काढत होते तेवढ्यात डेल्बर्ट पायरीशी येऊन उभा राहिला. टोपी हातात. पँट कमरेवर दोरीने बांधल्यासारखी गोळा झालेली. इतका वाळलेला असेल असं लांबून कधी वाटलं नव्हतं.

"माझी वस्तू तुझ्याकडे आहे, ओपल."

"माझी आहे. विकत घेतलीय."

"दुप्पट देतो."

"नाही."

"ते डॉनीचं आहे." त्याची हनुवटी हलायला लागली. "त्याचा हात लागलेलं आहे ते. तुझ्या काय कामाचं?"

मी दाराच्या चौकटीकडे बघत राहिले. रूथॲन चुकली होती. कीव येत होती, घशापर्यंत आली होती. मी तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं सांगता येत नाही.

मग तो म्हणाला, "रस्ता लिहून देतो."

"काय?"

"रस्ता. तुझा हक्क, कायमचा. उद्या तुझ्याच वकिलाकडे जाऊ. कोर्टकचेरी संपली. फक्त ते दे."

माझे वडील शेवटच्या आजारात अंथरुणातून रस्त्याचंच विचारायचे. नवऱ्याला न्यायला गाडी आली तेव्हाही खाली आडवा ट्रक होता. तो रस्ता हा माणूस एका विटेसाठी मला देत होता. आणि ज्या माणसाला स्वतःच्या जमिनीची पर्वा उरली नाही, त्याला ते पिस्तूल कशासाठी हवं होतं, हे मला सांगायला कोणी लागत नव्हतं.

"लाज नाही वाटत?" मी म्हटलं. "तुझ्या बापाने माझ्या बापाला वीतभर जागा दिली नाही, आणि तू दारात भिकाऱ्यासारखा उभा राहून अख्खा रस्ता वाटतोस? नको मला तुझी भीक. रस्ता मी कोर्टात घेईन. तुझ्या नाकावर टिच्चून घेईन. आणि त्या दिवशी समोरच्या बाकावर तू बसलेला पाहिजेस, तुझं तोंड बघायचंय मला."

 त्याच्या मानेवर लाली चढली. ती मी ओळखते, माझ्या हॉर्नने कितीदा चढवली आहे.

"सटवी आहेस तू, ओपल रॅटलिफ," तो म्हणाला. "तुझा बापही असाच आडमुठा होता."

"बाप काढायचं काम नाही."

"काढणार. मी पुन्हा येईन, ते घेतल्याशिवाय राहणार नाही."

"ये की. रोज ये. रोज नाही म्हणेन."

तो शिव्या देत उतारावरून गेला. वळणापर्यंत ऐकू येत होत्या. मी दार लावलं आणि तिथेच खाली बसले. रस्ता गेला होता. आणि हे करून काही उपयोग झाला होता की नाही, तेही कळायला मार्ग नव्हता.

सोमवारी सकाळी मी गाडी काढली. वळणावर त्याचा ट्रक रस्त्यात आडवा उभा होता.

मी हॉर्न वाजवला. व्हरांड्यातली खुर्ची रिकामी होती. पुन्हा वाजवला. दार बंद.  मी हॉर्नवर हाताचा पंजा दाबून धरला आणि काढलाच नाही, घळ नुसती कोकलत राहिली.

दार उघडलं. डेल्बर्ट बाहेर आला, दाढी वाढलेली, हातात कॉफीचा कप. तो कठड्याला टेकला आणि सावकाश एक घोट घेतला.

"ओपल, घाई आहे का?"

"आहे," मी ओरडले. आवाज नीट निघत नव्हता. "वकिलाकडे जायचंय."

त्याने कॉफी संपवली, आत जाऊन आणखी एक कप भरून आणला, आणि मी हॉर्न वाजवत राहिले.