हिरव्या रंगाचे थर

नागसेनने कॉफीच्या मशीनच्या पोटावर जोर लावून पॉलिशपेपर घासला, तर हिरव्या रंगाखालून पुन्हा हिरवाच रंग निघाला. त्याखालीही हिरवाच.

"बाबा, किती खेपा थापला हा रंग?" तो वैतागला.

त्याचे वडील देवमन अंगणातल्या खुर्चीत बसून बघत होते.

तीस वर्षं अकोल्यापासून बार्शीटाकळीपर्यंतच्या लग्नांत त्यांनी याच मशीनवर वाफ सोडून एस्प्रेसो पाजली होती. आता अमरावतीच्या नव्या घरात ती दर्शनी भागात मांडायची नागसेनला हौस आली होती. तापल्यावरही न सुटणारा लाल इनॅमल रंग त्याने खास मागवला होता. रविवारी मित्रांना तो स्वतः कॉफी पाजणार होता.

आणखी घासलं तशी पिवळी अक्षरं उघडी पडली. 'नागसेन कॉफी'.

त्याचा हात थबकला. हे नाव तो विसरला नव्हता, नुसता विसरल्यासारखा वागत आला होता. कॉलेजात असताना अकोल्यातल्या एका रिसेप्शनला तो मित्रांसोबत कॉफीच्या रांगेत होता.

"अरे, तुझ्याच नावाची कॉफी!" सागर हसला होता. "ओळखीचे आहेत का?"

"छे," नागसेन म्हणाला होता.

समोर देवमन कप भरत होते. त्यांनी एक कप त्याच्यापुढे धरला आणि बाकीच्यांना म्हणत तसंच म्हणाले, "घ्या साहेब."

घरी त्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही. त्या गलक्यात बाबांना ऐकूच आलं नसेल, अशी सोयीची समजूत नागसेनने करून घेतली होती.

"हे नाव कवा झाकलं, बाबा?" त्याने आता विचारलं.

"त्या अकोल्याच्या पार्टीहून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"मंग एवढे थर कायचे?"

"साधा रंग होता. तापला का सुटे. नाव दिसाले लागलं का मी पुन्हा मारो." देवमन सहज सांगत होते. "कोण्या लग्नात तुहा कोण दोस्त निंगन, काय सांगता येते?"

नागसेनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान वर करून बापाकडे बघण्याची त्याची छाती होईना. तो उगाच हातातला कागद झटकत राहिला.

देवमन उठले. नव्या रंगाचा डबा उचलून त्यांनी डोळ्यांजवळ नेला.

"हा तरी नाई ना सुटनार?" त्यांनी काळजीने विचारलं. "रविवारी तुहे दोस्त येऊन राहिले, म्हनून म्हनलं."