दिव्यावरची चिकटपट्टी

मी एक जुना कम्प्युटर आहे. मित्रांनो, तुम्ही ज्याच्यावर खेळ खेळता, तसा मात्र नाही. मला पडदा नाही, कीबोर्ड नाही. कपड्यांच्या कपाटाला कूस टेकून एका बुटक्या स्टुलावर मी बसलेला असतो. घरातले सगळे फोटो, कागद, गाणी माझ्या पोटात. ज्याला जे हवं ते त्याने आपल्या खोलीतून मागायचं आणि मी ते वायरीतून पाठवायचं, एवढंच माझं काम. अशा कम्प्युटरला सर्व्हर म्हणतात. घरात मला 'ठोकळा' म्हणतात. मला त्याचा राग नाही. हाक मारतात, हेच पुष्कळ झालं.

माझी ऐन उमेदीची वर्षं एका ऑफिसात गेली. तिथे नवीन कम्प्युटर आले आणि माझी रवानगी जिन्याखालच्या अडगळीत झाली. तिथून बाबांनी मला उचलून घरी आणलं, माझी धूळ पुसली, पंख्याला तेलाचा थेंब दिला. आई म्हणाली, "आता ही ब्याद कुठे ठेवायची?" पण महिन्याभरात तीच पाहुण्यांना सांगू लागली, "आमच्या ठोकळ्याच्या पोटात काय नाही ते विचारा!" घरातली थोरली मुलगी रांगायला लागली तशी ती माझ्याशी खेळायला आली. खेळ म्हणजे काय, तर माझ्या पुढच्या सगळ्या छिद्रांत तिने रंगीत माती ठासून भरली. ती काही पुन्हा निघाली नाही. तेव्हापासून माझं येणंजाणं पाठीमागच्या एकाच वायरीतून.

त्या वायरीच्या खोबणीशी दोन बारीक दिवे आहेत. एक लुकलुकत असतो, म्हणजे ठोकळा जागा आहे. दुसरा स्थिर असतो. तो हिरवा असला की समजावं, वाट पूर्ण मोकळी आहे. पिवळा झाला की समजावं, वाट अरुंद झाली, कुठेतरी काहीतरी दुखतंय. मला तोंड नाही, मित्रांनो. माझं जे काही बोलणं आहे ते या दिव्यांचं.

आता आजोबांबद्दल सांगतो. आजोबा म्हणजे आईचे वडील. आई त्यांना अण्णा म्हणते. ते बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायचे. नोकरी संपली तरी घोषणा काही संपल्या नाहीत. थोरली लहान असताना तिला झोपवायची पाळी आली, की ते आईचा मोबाइल माइकसारखा तोंडासमोर धरायचे, त्यावर बोटाने दोनदा टकटक करायचे आणि सुरू करायचे.

"प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. डोळे मिटण्याच्या गावाला जाणारी गाडी फलाटावर लागत आहे. बाईसाहेबांनी पायातला एकच मोजा शोधत न बसता आसनावर बसून घ्यावे. पुन्हा एकदा..."

आणि तेच सगळं पहिल्यापासून. घोषणा दोनदा करायची असते, हा त्यांचा नियम. आई म्हणायची, "अण्णा, एकदा सांगितलं तरी ऐकू येतं तिला." त्यावर ते म्हणायचे, "पहिल्यांदा कानाला ऐकू येतं. दुसऱ्यांदा माणसाला."

त्या घोषणा आईने मोबाइलवर भरून घेतल्या आणि माझ्याकडे ठेवल्या. मोबाइल पुढे बादलीत पडला. घोषणा फक्त माझ्यापाशी उरल्या.

मग आजोबांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी आजोबांना वाचवलं, आवाज मात्र वाचला नाही. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी आजोबा माझ्या खोलीत दार लोटून बसले आणि आईच्या नव्या मोबाइलसमोर बराच वेळ बोलले. तेव्हा बाळ आईच्या पोटात होतं. ही शेवटची घोषणा आईने मोबाइलवरून काढून माझ्याकडे ठेवली, पण ऐकली नाही. दोनदा तिचं बोट त्या घोषणेपाशी आलं आणि दोनदा मागे गेलं.

बाळ आलं आणि पाळणा माझ्या पाठीशी आला. माझ्या छोट्या स्पीकरमधून आजोबांची घोषणा लागली, की बाळ अंगठा तोंडात घालून गप्प ऐकायचं. आजोबा समोरच्या खुर्चीत बसून स्वतःचाच आवाज ऐकायचे. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्याकडे कुणी बघायचं नाही.

पण बाळाला माझे दिवे खुपायचे. ते मान वळवून त्यांच्याकडेच टक लावून बघत बसायचं. एके दुपारी आई वैतागली. तिने औषधाच्या डब्यातली कापडी चिकटपट्टी काढली, दाताने तुकडा तोडला आणि माझ्या दोन्ही दिव्यांवर लावून टाकला. "झोप रे राजा," ती म्हणाली, "आता कुणी नाही डोळे मिचकावणार." नंतर, बाळाला आवाज जवळून यावा म्हणून तिने पाळणा आणखी माझ्याकडे सरकवला. पाळण्याचा एक पाय माझ्या वायरीवर आला. रोजच्या झोक्यांनी आतली एक बारीक तार हळूहळू तुटली. माझा दिवा पिवळा झाला. कापडाच्या आत मी पिवळा जळत राहिलो.

कुणाला काही कळलं नाही, कारण घोषणा माझ्याच स्पीकरमधून लागायची, तिला वाट लागतच नव्हती. फोटो यायला उशीर झाला की बाबा म्हणायचे, "ठोकळा म्हातारा झाला." मी मनातल्या मनात ओरडायचो. पण मनातल्या ओरडण्याचा उजेड पडत नाही.

आणि मग खरंच माझ्या छातीत दुखायला लागलं. खट् असा आवाज. थोडं थांबून पुन्हा खट्. माझ्या आतली डिस्क, म्हणजे सगळं साठवणारी फिरती चकती, झिजत आली होती. बाबांनी दुकानातल्या दुरुस्तीवाल्याला घरी बोलावलं. त्याने माझ्या अंगाला कान लावला आणि मान हलवली.

"बंद करू नका याला. एकदा झोपला, की उठेल याचा भरवसा नाही. चालू आहे तोवर जेवढं निघतंय तेवढं काढून घ्या."

आईने कडेवरचं बाळ घट्ट धरलं. "किती दिवस आहेत?"

"ताई, मी कम्प्युटरवाला आहे, ज्योतिषी नाही. दिवस नका धरू, तास धरा."

फोटो काय, नातेवाइकांकडेही होते. अण्णांचा आवाज जगात दुसरीकडे कुठेच नव्हता. बाबांनी पलीकडच्या खोलीतल्या आपल्या नव्या कम्प्युटरवर माझ्याकडच्या घोषणा आणि बाकी सगळं उतरवायला घेतलं. पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकू लागली.

"अरे, हे परवापर्यंत तरी संपेल का?" आईने विचारलं.

"ठोकळ्याला घाई करता येत नाही. आजारी आहे तो."

"आजारी आहे म्हणूनच घाई आहे ना!"

बाबांनी नेटचा डबा बंद करून चालू केला. स्वतःचा कम्प्युटर बंद करून चालू केला. चालू प्रोग्राम एकेक करून मिटवले. कपाळावरचा घाम पुसला. पट्टी जिथल्या तिथे. खट्, मी म्हणालो. आईने पदराचं टोक नाही, बाळाचं दुपटंच तोंडाशी धरलं.

शेवटी बाबांनी आपल्या बहिणीला फोन लावला. आत्या एका कारखान्यात कम्प्युटरच्या जोडण्या बघते.

"दादा, वायर बघितलीस?"

"वायर ठणठणीत आहे. येतंय की सगळं!"

"येणं वेगळं आणि धावणं वेगळं. तुला शाळेत पण दोन्ही एकच वाटायचं. बरं, वाटेच्या वेगाची चाचणी लाव आणि आकडा सांग."

बाबांनी लावली. "चौऱ्याण्णव."

"परत लाव."

"चौऱ्याण्णव. हे बघ, तिसऱ्यांदाही चौऱ्याण्णव. हवा तर याच्या दहापट! ठोकळ्याचा दमच संपलाय गं."

आई मागे उभी राहून ऐकत होती. आत्तापर्यंत ती मधे बोलली नव्हती. आता बोलली.

"दमलेला माणूस असा चालतो का? अण्णा दवाखान्यातून आले तेव्हा चार पावलं चालायचे, थांबायचे, परत दोन चालायचे. दमलेल्याचा आकडा दर वेळी वेगळा येईल. हा तर नेमाने तोच येतोय. याला कुणीतरी अडवलंय."

फोनमधून आत्या म्हणाली, "वहिनी, तू माझ्या कारखान्यात ये कामाला. शंभराच्या आत अडकलंय म्हणजे वायरीतली एखादी तार गेली असणार. ठोकळ्याच्या मागचा दिवा बघ. कुठला रंग आहे?"

आई माझ्यापाशी आली, वाकली. "दिवाच नाहीये."

"असं कसं? दिवा नाही तर वायर जोडलेलीच नाही!"

आईचा हात हवेतच थांबला. "अगं बाई," ती अगदी हळू म्हणाली. "तो मीच झाकलाय."

तिने नखाने चिकटपट्टीचं टोक उचललं. पट्टी जुनी होऊन घट्ट बसली होती. ती सोलून निघाली आणि कितीतरी दिवसांनी माझा उजेड खोलीत पडला.

"पिवळा," आई म्हणाली.

ती माझ्या वायरीवरून हात फिरवत निघाली, बाळाच्या अंगावरून ताप बघत फिरवते तसा. पाळण्याच्या पायाशी हात अडला. तिथे वायर चपटी झाली होती. पाळण्यात बाळ नुकतंच झोपलेलं.

"उचलला तर उठेल तो," बाबा कुजबुजले. या घरात झोपलेल्या बाळाला उठवणं म्हणजे गुन्हाच.

"उठू दे," आई म्हणाली.

आजोबांनी खुर्चीतून उठून बाळाला अलगद खांद्यावर घेतलं. बाळाने भोकाड पसरलंच. त्या रडारडीत बाबांनी टीव्हीची वायर काढून आणली. ती आखूड निघाली, म्हणून नवा कम्प्युटरच उचलून माझ्या शेजारी जमिनीवर मांडला. जुनी वायर माझ्या पाठीतून निघाली, नवी आत गेली. टक्.

"हिरवा!" आई ओरडली. "हिरवा झाला!"

"आधी काय घेऊ?"

"अण्णांचं राहिलेलं. बाकी सगळं मागून."

मित्रांनो, मी धावलो. माझ्या आत खट् खट् चालूच होतं, पण वाट मोकळी होती आणि मागणारी माणसं जवळ बसली होती. जुन्या घोषणा गेल्या. हरवलेल्या मोज्याची गेली, थोरलीच्या पहिल्या दाताची गेली. शेवटची, दार लोटून केलेली, ती अर्ध्यावर आली आणि माझ्या आतली चकती थांबली. खट् सुद्धा झालं नाही.

बाबांनी माझ्यावर थाप मारली. कान लावला. मग हात खाली घेतला. "त्या पट्टीखालचं आधी कळलं असतं तर..." ते बोलता बोलता थांबले. आईचं तोंड पाहून थांबले.

"अर्धी आहे ना," आई म्हणाली. "लाव."

बाबांच्या कम्प्युटरमधून टकटक ऐकू आली आणि मग आजोबांचा आवाज, जरा खरखरीत.

"प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. एक छोटा प्रवासी अजून वाटेत आहे. त्याला आम्ही पाहिलेले नाही. त्याच्या माहितीसाठी सांगण्यात येते, की उद्यापासून या स्थानकावरची घोषणा बंद राहील. तरी गाडी..."

आणि पुढे काही नाही.

आजोबांच्या खांद्यावर बाळ हुंदके देत होतं. आई गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. आजोबांनी बाळाला पाळण्यात ठेवलं. पाळण्याच्या लाकडावर बोटाने दोनदा टकटक केली. बाळ थबकलं. आजोबांनी आईकडे बघितलं. नुसतं बघितलं.

आईने नाक पुसलं. "तरी गाडी..." तिचा आवाज फाटला. "तरी गाडी रोज सुटेल. उशिरा सुटेल, पण सुटेल. प्रवाशांनी घाबरू नये."

बाळ तिच्याकडे टक लावून बघत होतं, पूर्वी माझ्या दिव्याकडे बघायचं तसं. आजोबांनी दोन बोटं वर केली.

आईला आधी कळलं नाही. मग कळलं आणि ती रडता रडता हसली.

"पुन्हा एकदा," ती म्हणाली. या वेळी आवाज फाटला नाही. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे..."

बाळाचा अंगठा तोंडात गेला.

आता मी बंद असतो. स्टूल तेच आहे. माझ्या डोक्यावर बाळाची घडी केलेली दुपटी असतात आणि पाठीला त्या चिकटपट्टीचा थोडा डिंक अजून आहे. मित्रांनो, कुणाला झोप यावी म्हणून एखादा दिवा झाकावा लागतो, त्यात काही चूक नाही. आईने झाकला तो मायेनेच. पण ज्यांना बोलता येत नाही, त्यांच्यावरची पट्टी अधूनमधून उचलून बघत जा. आत कुणीतरी पिवळं जळत असेल. या घरात आता आजोबांच्या खुर्चीकडे असंच बघतात, येताजाता, न चुकता.